तुडुमाचं पाणी आणि डिझेलचा हिशेब



माझी भाची आठवीत आहे. तिला शाळेत एक प्रकल्प मिळाला. विषय होता, 'इंधनाचे भाव का वाढतात?' वर्गातल्या बहुतेकांनी वर्तमानपत्रातली कात्रणं कापून वहीत चिकटवली. ही मात्र मला म्हणाली, "मामा, भाव वाढतो म्हणजे तो नेमका कुठं जाऊन लागतो, ते मला बघायचंय."

मला तिचा प्रश्न आवडला. जानेवारी महिना होता, रविवारला जोडून सुट्टी आली होती. आम्ही दोघं नागपूरहून गोंदियाला निघालो.

आता तुम्ही म्हणाल, तेलाचा भाव बघायला गोंदियाला कशाला? तिथं तेलाची विहीर नाही, तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही, समुद्र तर नाहीच नाही. अगदी बरोबर! महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि पूर्वेच्या टोकाला बोट ठेवा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वर मध्य प्रदेशातलं बालाघाट, उजवीकडं छत्तीसगड. मुंबईहून आगगाडीनं आलात तर साडेनऊशेहून जास्त किलोमीटर होतात. तेलाचं जहाज बंदराला लागतं तिथून इतक्या लांब. म्हणूनच तर गेलो!

भाचीनं वहीच्या एका पानावर लिहिलं 'घरचं' आणि समोरच्या पानावर 'बाहेरचं'. जे काही चालताना, जळताना, फिरताना दिसेल ते कशावर चालतं, हे ओळखून त्या त्या पानावर टाकायचं, असा तिचा नियम.

पहिलीच नोंद अडली. आमची गाडी विजेवर चालणारी. मग ती घरची की बाहेरची? कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड अशी स्टेशनं मागं पडली आणि तिरोड्याजवळ उंच चिमण्या दिसल्या. हे अदानींचं औष्णिक वीजकेंद्र. एकूण क्षमता ३३०० मेगावॉट. म्हणजे ६६० मेगावॉटचे पाच संच. तिथं कोळसा जळतो. कोळसा आपल्या देशात भरपूर आहे, तो काही आखातातून आणावा लागत नाही. पण त्याचा धूर आहे, राख आहे. भाचीनं खूप विचार करून 'घरचं' या पानावर लिहिलं, 'आगगाडी' आणि पुढं कंसात, 'पण काळं'.

गोंदियाला उतरलात की पहिल्यांदा काय जाणवतं ठाऊक आहे? वास! धान उकडल्याचा ओलसर, गोडसर वास. आपण पश्चिमेकडं ज्याला भात म्हणतो, त्याला इकडं धान म्हणतात. गोंदियाच्या आसपास भातगिरण्या इतक्या आहेत, की लोक या गावाला तांदळाचं शहर म्हणतात. ओळखीनं एका गिरणीत शिरायला मिळालं. तिथले दिवाणजी मोठे हौशी. त्यांनी आम्हांला मूठभर धान हातात दिलं आणि विचारलं, "सांगा बरं, एक क्विंटल धानातून तांदूळ किती निघतो?"

भाची म्हणाली, "नव्वद किलो."

दिवाणजी हसले. सरकारी हिशेबात साधा तांदूळ ६७ किलो धरतात आणि उकडलेल्या धानाचा ६८. वीसेक किलो जातं ते तूस, म्हणजे दाण्याचं वरचं टरफल. आणि राहिलेल्यातला बराचसा भाग कोंडा. कोंड्यातून तेल काढतात, ते खायचं तेल. 'राइस ब्रान ऑइल' असं डब्यावर वाचलं असेल ना, तेच ते.

पण गंमत तुसाची! गिरणीच्या मागं तुसाचा डोंगर होता, आमच्या शाळेच्या इमारतीएवढा. एक माणूस फावड्यानं तूस ओढून भट्टीत सोडत होता. त्या भट्टीवर बॉयलर, बॉयलरच्या वाफेवर धान उकडायचं, त्याच वाफेच्या उष्णतेनं ते वाळवायचं. म्हणजे धानाच्या पोत्यातच तांदूळ आला आणि तो शिजवायचं जळणही आलं. कुठून विकत आणायला नको, जहाजाची वाट बघायला नको.

आम्ही तिथंच एक गणित मांडलं, तुम्हीही मांडून बघा. एक किलो तूस जळलं की तीन हजारांहून थोड्या जास्त किलोकॅलरी उष्णता मिळते. एक किलो डिझेलची साधारण दहा हजार. म्हणजे तीन किलो तूस बरोबर एक किलो डिझेल. एका क्विंटल धानामागं वीस किलो तूस, म्हणजे साडेसहा किलो डिझेलची उष्णता पोत्यात फुकट आली! भाचीनं 'घरचं' पानावर मोठ्या अक्षरात 'तूस' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"पण मग ते ट्रॅक्टरच्या टाकीत घाला ना," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. इथंच तर खरी मेख आहे, मित्रांनो. तुसानं पाणी उकळतं, चाक फिरवणं त्याला एवढं सोपं नाही. मोठ्या वीजकेंद्रात तुसावर वीजही करतात, पण ट्रॅक्टरला, ट्रकला असं जळण लागतं जे पातळ आहे, थोड्या जागेत मावतं, ओतलं की चालू. शिवाय तूस जळल्यावर पाचवा हिस्सा राख उरते. ती उडते, डोळ्यांत जाते, शेजारच्या वस्तीला त्रास होतो. आणि पूर्वी जे तूस कोणी फुकट नेत नसे, त्याला आता वीटभट्टीवाले, कारखानेवाले पैसे देतात. त्यालाही भाव आला!

दिवाणजींनी अजून एक गोष्ट सांगितली. तुटक्या तांदळापासून इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. आपल्या देशात २०२२ साली शंभर लिटरमागं दहा लिटर इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये वीस लिटरचा. उसापासून होतं, मक्यापासून होतं, तांदळापासूनही होतं. एक लिटर इथेनॉलला दोन किलोंच्या वर तांदूळ लागतो. खराब झालेलं धान्य वापरलं तर उत्तमच. पण चांगला, खाण्याजोगा तांदूळ गाडीच्या पोटात घालायचा, हे काही माझ्या मनाला पटत नाही. तुम्हांला काय वाटतं? घरी आईबाबांशी वाद घालून बघा.

गिरणीच्या फाटकाबाहेर ट्रक उभे होते. ते अर्थातच 'बाहेरचं' पानावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटी पकडली. नवेगावबांधला जायचं होतं, साठ-पासष्ट किलोमीटर. गोरेगाव मागं पडलं. खिडकीतून कापलेल्या धानाच्या बांध्या दिसत होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं धानाचं शेत. तिकीट हातात घेऊन भाचीनं विचारलं, "एसटीचं भाडं कोण ठरवतं?" भाडं वाढण्याची कारणं बरीच असतात. पण २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ते एकदम १७ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा महामंडळानं पहिलं कारण दिलं होतं डिझेलचं.

बस हलत होती, तरी आम्ही भावाचं गणित सोडवलंच. कच्चं तेल पिंपावर विकतात. एका पिंपात १५९ लिटर. पिंपाची किंमत रुपयांत नाही, डॉलरमध्ये. समजा पिंप ८० डॉलरला आहे. डॉलर ६० रुपयांना असेल, तर पिंप ४८०० रुपयांना पडलं, म्हणजे लिटर तीस रुपयांना. आता डॉलर ८४ रुपयांचा झाला. तेच पिंप ६७२० रुपयांना, लिटर बेचाळीस रुपयांना! विहीर तीच, तेल तेच, अरबानं भाव एक पैशानं वाढवलेला नाही. तरी आपल्याला बारा रुपये जास्त पडले. ८४ रुपयांचा डॉलर हा काही मनातला आकडा नाही बरं का, २०२४ मध्ये तो त्याच्याच आसपास होता आणि त्याआधी दहा वर्षांपूर्वी साठच्या आसपास.

मग ते तेल शुद्ध करायचा खर्च, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन. त्यावर केंद्र सरकारचं उत्पादन शुल्क. त्यावर राज्याचा कर. हा कर प्रत्येक राज्याचा वेगळा. गोंदियाकरांना ते पुस्तकात वाचावं लागत नाही. बालाघाटला पंपावर एक आकडा, गोंदियाला दुसरा, राजनांदगावला तिसरा! ज्याचं जिथं जाणं-येणं असेल तो तिथं टाकी भरतो. २०१७ साली देशभर वस्तू व सेवा कर आला, पण पेट्रोल आणि डिझेल त्यात घेतले गेले नाहीत, म्हणून हा फरक राहिला.

"पण ऐंशी डॉलर तरी कोण ठरवतं?" भाचीचा पुढचा प्रश्न.

ज्यांच्याकडं तेल आहे ते देश थोडे, आणि ज्यांना हवं आहे ते सगळं जग. २०२४ साली आपल्याला लागणाऱ्या दर शंभर लिटर कच्च्या तेलातलं पंच्याऐंशीहून जास्त लिटर बाहेरून आलं. आणि त्या वर्षी जगात वापरल्या गेलेल्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा होर्मुझ नावाच्या एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून गेला. तिथं नुसतं युद्धाचं नाव निघालं, तरी व्यापारी घाबरून भाव चढवतात. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेलं. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतवर हल्ला केला. मी तेव्हा तुमच्याएवढा होतो. वीस डॉलरच्या आत असलेलं पिंप ऑक्टोबरपर्यंत चाळीस डॉलरला भिडलं. इराक कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण रॉकेलच्या रांगेत आईनं मला कॅन देऊन उभं केलं, ते मात्र आठवतं. तीन तास!

कोहमाऱ्याला हमरस्ता ओलांडला. सुरतेकडून कोलकात्याकडं जाणारा हा रस्ता, जुना क्रमांक ६, आता ५३. ट्रकांची माळ संपेचना. भाचीनं बत्तीस मोजले आणि सोडून दिलं.

आणि मग नवेगावबांध! डोंगरांच्या कुशीत पसरलेलं निळंशार पाणी. या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. हा तलाव सरकारनं बांधलेला नाही. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकात बांधला, असं मानतात. कोहळी समाजाची तलाव बांधण्यात मोठी ख्याती. यंत्र नाही, सिमेंट नाही. दोन डोंगरांमधली फट हेरायची, तिथं मातीची पाळ घालायची आणि पाणी अडवायचं. पुढं खालच्या अंगाला धानाची शेतं. पाणी आपल्या वजनानं उतरत जातं.

असे लहानमोठे हजारो तलाव गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात.

"तुझ्या नावाचे?" भाचीनं डोळे मोठे केले.

नाही गं! 'माजी मालगुजारी'तला मा आणि मा. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले. पूर्वी गावकरी एकत्र येऊन दरवर्षी पाळ दुरुस्त करत, गाळ काढत. पुढं 'हे आता सरकारचं' म्हणून ते काम मागं पडत गेलं.

आम्ही ज्यांच्याकडं उतरलो त्या काकांचं गाव नवेगावबांधहून थोडं पुढं. त्यांचा मुलगाही आठवीत. त्यानं आम्हांला गावचा मामा तलाव दाखवला. तलावात एक खांबासारखं दगडी बांधकाम होतं, त्याला एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडी खुंटी. याला म्हणतात तुडूम. पाणी वर असेल तर वरची खुंटी काढायची, पाणी खाली गेलं की खालची. खुंटी काढली की पाणी पाळीच्या पोटातून पाटात येतं. काढायची कधी आणि कोणाच्या शेताला किती वेळ, हे बघायला गावानं नेमलेला माणूस, तो पाणकर.

काकांना मी विचारलं, "मग तुम्हांला डिझेल इंजिन कशाला लागतं?"

"पाणी उतरून आलं असतं तं इंजन काहून लावलं असतं जी?" काका म्हणाले. "तलाव अर्धा गाळानं भरला. माही बांधी शेवटची. पाणी तिथवर पोचतच नाही."

त्यांच्या टोकाच्या दोन बांध्यांना विजेचा खांबही जवळ नाही. म्हणून नाल्यावर पाच अश्वशक्तीचं इंजिन. ते तासाला साधारण एक लिटर डिझेल पितं. उन्हाळी धानाला पाणी फार लागतं. दर चार दिवसांनी आठ तास, असं जवळजवळ चार महिने. काकांच्या मुलानं हिशेब तोंडपाठ सांगितला, "दोनशे लिटरच्या वर." म्हणजे डिझेल एक रुपयानं वाढलं की दोनशे रुपये गेले, दहा रुपयांनी वाढलं की दोन हजार. त्यात नांगरणी-चिखलणीचा ट्रॅक्टर वेगळा, तो तासाला चार-पाच लिटर पितो. बैलजोडी होती तेव्हा हा खर्च नव्हता, पण बैलांना वर्षभर चारा लागतो आणि चारणारा माणूसही. काकांनी बैल विकले, त्याला सात वर्षं झाली.

युरियाचंही तसंच. तो नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्या वायूतला मोठा हिस्सा जहाजानं बाहेरून येतो. सरकार पोत्याची किंमत धरून ठेवतं, म्हणून शेतकऱ्याला ते जाणवत नाही इतकंच. भाचीचं 'बाहेरचं' पान भरत चाललं होतं.

दुपारी आम्ही त्या दोन बांध्या बघायला गेलो. तिथं उन्हाळी धानाची तयारी नव्हती. निळी निळी फुलं डोलत होती! जवस. पावसाळी धान उभं असतानाच ओल्या चिखलात जवस आणि लाखोळी फेकून देतात. धान कापलं की उरलेल्या ओलीवर ती वाढतात. नांगरणी नाही, पाणी नाही, इंजिन नाही. या पद्धतीला उतेरा म्हणतात आणि ती फार जुनी आहे. जवसाचं तेल घरच्या भाजीला होतं.

"छान! हे तर सगळं घरचं," भाची म्हणाली आणि वही उघडू लागली.

काकांचा मुलगा मात्र गप्प होता. मग म्हणाला, "जवसाचे पैसे कमी येतात. माझी ताई गोंदियाला नर्सिंग शिकते. तिच्या वसतिगृहाचे पैसे या दोन बांध्यांच्या धानावर होते." डिझेल परवडेना म्हणून काकांनी उन्हाळी धान सोडलं. ताईचे पैसे कुठून काढायचे, हे घरात अजून ठरलेलं नव्हतं.

भाचीनं वही मिटली.

स्वयंपाकघरात काकूंकडं गॅसची शेगडीही होती आणि चूलही. सकाळचा चहा गॅसवर, बाकी सगळं चुलीवर. २०२३ च्या मार्चमध्ये १४.२ किलोचा सिलिंडर अकराशे रुपयांच्या वर गेला होता, नंतर सरकारनं तो काहीसा उतरवला. आपल्याला लागणारा निम्म्याहून जास्त गॅसही बाहेरूनच येतो. काकू म्हणाल्या, "सिलिंडर महाग झाला का मले जंगलात जा लागते काड्या आणाले." हे जंगल म्हणजे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, २०१३ साली झालेला. काड्या वेचायला वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, असं इकडचे लोक सांगतात. म्हणून चार-पाच जणी मिळून जातात आणि मोठमोठ्यानं बोलत राहतात. अरबस्तानातल्या भावाचा आणि या बोलण्याचा असा संबंध आहे, हे मला त्या चुलीपुढं बसून कळलं.

मग करायचं काय? या गावानं एक गोष्ट सुरू केली आहे. मागल्या उन्हाळ्यात तलावाचा थोडा गाळ काढला. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ ची. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या बांधीत टाकला. गाळ टाकलेल्या शेतात युरिया कमी लागला, असं काका सांगत होते. "पण गाळ काढाले जेसीबी अन् ट्रॅक्टरच लागले. त्यातबी डिझेलच गेलं," असं म्हणून ते मोठ्यानं हसले. खरं आहे. पण इंजिन दरवर्षी दोनशे लिटर पितं आणि एकदा नीट गाळ काढला की तलाव बरीच वर्षं पाणी देतो. तलाव पुरा मोकळा झाला तर पाणी काकांच्या शेवटच्या बांधीपर्यंत आपोआप येईल, असं पाणकर म्हणतो. सौरपंपासाठीही काकांनी अर्ज केला आहे. तो चांगलाच. पण पंप उन्हावर चालवा की डिझेलवर, नाल्यात पाणी तर हवं? माझं मत विचाराल, तर मी आधी तलावाच्या रांगेत उभा राहीन.

संध्याकाळी पाणकरानं आम्हांला तुडुमाजवळ नेलं. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकलेल्या कोणाच्या तरी शेताची पाळी होती. त्यानं पाण्यात उतरून खुंटी काढली. भाची पाटाकडं कान लावून बसली.

"आवाजच नाही," ती म्हणाली.

थोड्या वेळानं पाटातली वाळलेली पानं हळूच हलली आणि तरंगत पुढं निघाली. काकांचा मुलगा पाटाच्या कडेनं त्या पानांबरोबर चालू लागला, भाचीही. वळणावर पाटाला फाटा फुटतो. एक फाटा पाळी असलेल्या शेताकडं जातो, दुसरा काकांच्या बांध्यांकडं. दुसऱ्या फाट्याच्या तोंडाशी गवत वाढलं होतं. पानं पहिल्या फाट्यात गेली. तो मुलगा तिथंच थांबला, त्यानं दुसऱ्या फाट्यातलं मूठभर गवत उपटून बाजूला टाकलं आणि आम्ही घरी परतलो.

परतीच्या एसटीत भाचीनं वही काढली. दोन पानांच्या मध्ये, जिथं शिवण असते तिथं, तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ताईचं वसतिगृह'. मला विचारलं, "मामा, हे कुठल्या पानावर टाकू?"

गोरेगाव येईपर्यंत आम्ही त्यावर बोलत होतो.